पोटाचं ऐकून उतरवलेलं विमान

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण भूमच्या या गड्यानं ढगात अडकलेलं विमान एकट्यानं खाली आणलंय. हे मी माझ्या मुलाला, रामहरीला, ठणकावून सांगितलं. कारण नातीचा पायलटच्या कोर्सचा अर्ज तो सही न करता फाडायला निघाला होता.

"ढगात समोरचं काय दिसत न्हाय म्हणं! मरंल की पोरगी," तो माझ्यावरच खेकसला.

"येड्या, मला तरी कुठं दिसत होतं? पायलट चक्कर येऊन पडलेला. म्या समोरच्या यंत्रांच्या काट्यांकडं बघितलंच न्हाय. डोळे मिटले, इमान कुठं कलतंय ते पोटानं बरोबर सांगितलं. जन्मभर मेंढरामागं हिंडलेल्याला यंत्र कशाला लागतंय?"

बापाचा शब्द खोडायची त्याची छाती नव्हती. दातओठ खात त्यानं खिशातला पेन काढला.

 

तेवढ्यात नातच, मोनिका, माझ्यावर कडाडली, "साफ खोटं बोलताय, आबा! ढगात पोटच फसवतंय. काटे सोडून त्याचं ऐकलं तर मिनिटभरात विमान जमिनीत घुसतंय, एकबी माणूस जगत न्हाय!"