चंदेरी पट्टी

दसऱ्याच्या सकाळी टोकियोहून मेल आला. अनुया ज्यांच्या हाताखाली रसायनशास्त्र शिकली, ते ओकुनो सर गेले होते. तिने फोन पालथा ठेवला आणि झेंडूच्या माळेला गाठ मारली. सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या त्या फ्लॅटमध्ये, पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी पाटावर शस्त्रपूजा मांडली होती. “तुझ्या टेबलावरचंही ठेवलंय गं,” त्या म्हणाल्या. लॅपटॉपशेजारी प्लास्टिकची चंदेरी पट्टी होती, हळदीकुंकू लावलेली. तिची हवाबंद काचनळी बूच काढून बाजूला ठेवली होती. “काचेला कुंकू लावून काय उपयोग? हत्यारालाच लागायला हवं ना!” वीज वाहून नेणारं ते प्लास्टिक सरांनी स्वतः बनवलं होतं. अनुया सिंगापूरला निघाली तेव्हा तिच्या हाती देत ते म्हणाले होते, “याला हवा लागू देऊ नकोस. काळवंडतं, ठिसूळ होतं, मग वीज नेत नाही.” असलं प्लास्टिक पहिल्यांदा हाती आलं तेही कुणाच्या तरी चुकीमुळेच, असं सांगून ते मोठ्याने हसायचे. अनुयाला रडूही येईना. “छान मांडलंय, आई,” ती म्हणाली. सासूबाईंनी पट्टीवर झेंडूचं फूल वाहिलं. “आज मात्र त्याला हात लावायचा नाही हं. आज त्याला विश्रांती. उद्या उचल आणि खुशाल कामाला लाव. चल, नमस्कार कर.” अनुया पाटापुढे वाकली, आणि वाकलेलीच राहिली.