स्टीलच्या टेबलावरची शेपटी

जनावरांच्या दवाखान्यात ती तंत्रज्ञाचं काम शिकत होती. बाबा गेल्यावर त्यांचा कुत्रा दादाकडे राहिला होता. आज तो मेलेला, तिच्याच टेबलावर आला. दादानेच त्याला शेवटचं इंजेक्शन द्यायला लावलं होतं. "पोटात गाठ होती गं, हाल बघवेनात," असं त्याने सांगितलं होतं.

दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम नको म्हणत असतानाही तिने हट्टाने स्वतःच शवविच्छेदन केलं. गाठ कुठेच सापडली नाही. यकृताचा ठसा काचपट्टीवर घेऊन तिने मायक्रोस्कोपखाली पाहिला. पेशी अगदी निरोगी होत्या. ट्रेमध्ये काढून ठेवलेलं हृदयही धडधाकट होतं.

मॅडम काचपट्टी तपासायला बसल्या. तिने हातमोजे काढून दादाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"गाठ कुठे होती, दादा?"

"आता उकरून काय मिळणार? बाबांचं एकेक किती दिवस निस्तरायचं मी?"

तेवढ्यात टेबलावर टप टप आवाज झाला.

"टेबलाला धक्का देऊ नकोस," मॅडम मान वर न करता म्हणाल्या.

ती टेबलापासून हातभर लांब उभी होती. लाकडासारख्या ताठलेल्या त्या देहाची शेपटी तेवढी स्टीलवर आपटत होती.

फोनवर दादालाही ती टपटप ऐकू गेली. कापऱ्या आवाजात तो म्हणाला, "बाबा दारात आले की तो अशीच शेपटी आपटायचा. तिथे कोण आलंय गं?"

दाराकडे तिची पाठ होती. शेपटी आता जोरजोरात आपटू लागली, आणि तिच्या खांद्यावरून मागे बघत मॅडम हळूहळू उठून उभ्या राहिल्या.