पुलापर्यंतची सायकल

"ही नको. लई बारीक टायर हायेत," काकासाहेब म्हणाले, आणि छगन सायकलवाल्यानं रेसिंगची सायकल परत भिंतीला टेकवली.

माधुरी नवऱ्याच्या मागं दोन पावलांवर उभी होती. एका हातानं पदर सावरत होती आणि मनातल्या मनात स्वतःला चिमटे काढत होती. श्रीरामपूरच्या बाजारात, भर दुपारी, नवऱ्याबरोबर, सायकल घ्यायला! आणि तीही तिच्यासाठी!

झालं होतं असं, की गुडघे धरले म्हणून तिला डॉक्टरकडे नेलं, तर डॉक्टरांनी काकासाहेबांनाच झापलं. "घरात बसवून बसवून बाईचे सांधे आखडवलेत तुम्ही. रोज तासभर चालायला पाठवा." आता बोला! बेलापूरच्या शिवारात काकासाहेबांची बायको रस्त्यानं एकटी चालणार? काकासाहेबांचा चेहरा उतरला. मग डॉक्टर म्हणाले, "नाहीतर सायकल चालवू द्या." आणि काकासाहेब चटकन म्हणाले, "ते चालंल."

का चालेल, हे माधुरीनं विचारलं नाही. विचारलं आणि त्यांचं मन फिरलं तर?

लग्नाला आठ वर्षं झाली होती. उसाच्या मधोमध बंगला, भोवती पुरुषभर उंच भिंत, फाटकाला कुलूप. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, खायला-ल्यायला काही कमी नाही. फक्त बाहेर जायचं नाही. भाजी दारात यायची, कासार दारात यायचा, शिंपीसुद्धा माप घ्यायला दारात यायचा. आणि मैलभरावरून प्रवरा वाहायची. तिच्या माहेरची, वरच्या अंगाच्या अकोले गावची नदी! तिच्या गावाला वळसा घालून आलेलं ते पाणी तिला दिसायचं जीपच्या काचेतून, पूल ओलांडताना, तेवढंच. एकदा त्या पुलावर उभं राहून ते पोटभर बघायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं हो तिचं.

"मग ही बघा, वहिनी," छगननं आतून एक निळी सायकल काढली. "वजनाला हलकी, टायर जरा रुंद. डांबरीवर पळते आणि मातीतही रुतत नाही. हँडल सरळ आहे, कंबरेतून वाकायला नको. नव्यानं चालवणाऱ्याला अशीच लागते. कंपनीवाले हायब्रीड म्हणतात हिला."

"हायब्रीड?" काकासाहेब खो खो हसले. "ज्वारी झाली, आता सायकलबी का?"

माधुरीही हसली. चारचौघांत आपण शेवटचं कधी हसलो होतो, तिला आठवेना.

"चौकापर्यंत चक्कर मारून बघा की, वहिनी."

"चक्कर नको. उंची तेवढी बघ," काकासाहेब म्हणाले.

छगननं सायकल घट्ट धरली. ती बसली. पायाचे चवडे बरोब्बर जमिनीला टेकले. बाई गं, लहानपणी भावाच्या सायकलवर आडव्या दांडीखालून पाय घालून शिकली होती ती!

"गिअर आहेत," छगन सांगू लागला. "चढ आला की हा खटका ओढायचा, पायांना हलकं होतं."

"पुलाचा चढ चढेल ना?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"पूल काय घेऊन बसलात! घाट चढाल तुम्ही."

तिनं घाबरून नवऱ्याकडं बघितलं. काकासाहेब चक्क हसत होते. "पुलापतूरच? लांब जा की. पार अकोल्यापतूर जा."

तिचे डोळे भरून आले. ती मान वळवून उगाच टायर बघू लागली.

मग काकासाहेबांची तपासणी सुरू झाली. बैल घ्यावा तशी प्रत्येक वस्तू घ्यायचे ते. साखळी ओढून पाहिली, पायडल फिरवलं, खिशातून सुतळी काढून मागच्या चाकाच्या आसाची रुंदीही घेतली.

"कुलूप देऊ?" छगननं विचारलं.

"कशाला? कोन नेतंय?"

"दिवा?"

"उजेडातच चालवंल ती."

"मडगार्ड तरी घ्या. चिखल उडतो."

"न्हाई उडत."

"घंटी हवी," माधुरी घाईनं म्हणाली.

काकासाहेबांनी तिच्याकडं जरा रोखून बघितलं. "बरं. हौस हाय तर बसव घंटी."

सायकल जीपमध्ये चढली, पण घरी आली नाही. वाटेत सहादेव वेल्डिंगवाल्याकडं उतरवली. "जरा मजबूत करून घेतो," काकासाहेब म्हणाले. "तू पडलीबिडली म्हंजे?"

किती काळजी! आठ वर्षं आपण या माणसाला उगाच बोल लावले, असं वाटून माधुरी ओशाळली. पुढचे चार-पाच दिवस तिचं पाऊल जमिनीवर ठरत नव्हतं. ट्रंकेतला लग्नाआधीचा पंजाबी ड्रेस काढून तिनं बाजूची शिवण उसवली, कॅनव्हासचे बूट धुऊन वाळत घातले. इकडं काकासाहेबांनी मागच्या खोलीतली कांद्याची पोती हलवून घेतली, भिंतींना चुना दिला. सायकल पावसात भिजायला नको म्हणे. सहादेव दोनदा येऊन गेला. त्या खोलीत कसली ठाकठूक चालली होती. असेल काहीतरी, म्हणून तिनं लक्ष दिलं नाही.

एका सकाळी काकासाहेबांनी हाक मारली. "आली बघ तुजी सायकल. मागच्या खोलीत हाय."

दुखरे गुडघे विसरून ती पळत गेली. अंगात ड्रेस, पायात बूट, वेणी वर बांधलेली.

निळी सायकल खोलीच्या मधोमध उभी होती, जमिनीपासून वीतभर वर. मागच्या आसाला दोन्ही अंगांनी जाड लोखंडी अँगल वेल्ड केले होते आणि त्यांचे पाय फरशी फोडून सिमेंटात पुरले होते. पुढचं चाक काढून तिथंही तसाच अँगल पुरला होता. घंटी तेवढी चमकत होती.

"बस," काकासाहेब मायेनं म्हणाले. "डॉक्टर तासभर म्हनलेत. पूल कशाला, पार अकोल्यापतूर जा."