चौथं वाद्य

टक्.

डब्यात आवाज झाला आणि तिने लेकीला जवळ ओढलं.

बंद दाराआड समिती बसली होती. रॉक अँड रोलच्या सन्मानदालनात यंदा कोणाला जागा द्यायची, ते ठरत होतं. तिथली रीत साधी. नाव मान्य असेल त्याने गिटार छेडायची आपली पट्टी पत्र्याच्या डब्यात टाकायची, नसेल त्याने खिशात ठेवायची. त्यामुळे बाहेर ऐकू यायचे ते नुसते होकार.

टक्.

"वहिनी, आणखी एक!" दिराने तिचा दंड दाबला. तिच्या नवऱ्याच्या बँडचा गायक हाच. सगळे त्याला भोंगा म्हणत. पलीकडे चाकाच्या खुर्चीत ठोक्या बसला होता, ड्रमवाला. हॉस्पिटलातून दुपारपुरती सुटका करून घेऊन आलेला, मनगटाला अजून तिथली नावाची पट्टी. "यमाला सांगा, मला निकालानंतर ने, म्हणालो तर डॉक्टर हसला," असं त्याने आल्या आल्या सांगितलं होतं, आणि कोणालाच हसता आलं नव्हतं. गिटारवाला जिन्यात येरझाऱ्या घालत होता. त्याला ते टक् टक् सोसवेना.

चौथा, बास गिटार वाजवणारा, तिचा नवरा. तो नव्हता. त्याची गिटार होती, तिच्या पायांशी, काळ्या पेटीत.

निवड झाली की वाद्य दालनाला द्यायचं, कायमचं. बँड असेल तर प्रत्येकाचं. एक जरी कमी पडलं तरी बाकीच्यांनाही जागा नाही. दिराने तिच्या वतीने परस्पर होकार कळवून टाकला होता. "दादाला केवढा आनंद झाला असता, वहिनी," म्हणाला होता, आणि तिने मान हलवली होती. ती मान आता तिला खात होती.

नको रे देवा, ती मनात म्हणाली. यंदाही नको. मग तिची नजर ठोक्याच्या हडकुळ्या बोटांवर गेली आणि आपलं मागणं कोणाला ऐकू तर गेलं नाही ना, म्हणून ती दचकली.

टक्.

दालनातला वाद्यं सांभाळणारा माणूस पांढरे हातमोजे चढवत आला. "ताई, आधी जरा बघून घेतो हं." त्याने पेटी उघडली. झोपलेलं मूल बघावं तसा वाकून तो बघू लागला. गिटारच्या वरच्या कडेला, जिथे वाजवणाऱ्याचा हात टेकायचा, तिथला रंग उडून फिकट चट्टा पडला होता. त्यावरून त्याने बोट फिरवलं.

"घामाचा डाग आहे. निघेल. तारा नव्या चढवू. मग काचेआड. दोन पिढ्यांना काही होत नाही बघा."

"आणि वाजवणार कोण?" तिच्या पाच वर्षांच्या लेकीने विचारलं.

"कोणीच नाही, बाळा. म्हणून तर टिकते."

"पण ते पोट आहे," लेक त्याला समजावत म्हणाली.

त्याला कळलं नाही. कळणार कसं? शाळेतून आली की लेक दप्तर भिरकावायची, गिटार पलंगावर आडवी ठेवायची, त्या चट्ट्यावर कान टेकायची आणि सगळ्यात जाड तार ओढायची. बाबांच्या पोटावर डोकं ठेवलं की आत असंच घुमायचं म्हणे. पहिल्या दिवशी ती लेकीला रागावली होती. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः कान लावून पाहिला होता.

आता बोल, तिने स्वतःला बजावलं. दार उघडायच्या आत बोल.

दार उघडलं. अध्यक्ष टाळ्या वाजवतच बाहेर आले. भोंगा ओरडलाच. "झालं, वहिनी! आत गेलो आपण!" गिटारवाला जिना चढून धावत आला. ठोक्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, आणि त्याचे खांदे हलू लागले.

"सह्या होतील सावकाश," अध्यक्ष म्हणाले. "आधी वाद्य आत जाऊ दे."

हातमोजेवाल्याने पेटीचं झाकण धरलं. "बाळा, सरक बरं बाजूला."

लेक सरकली नाही. तिने केव्हाच कान टेकवला होता. तिने तार ओढली.

वायर नाही, स्पीकर नाही. बाहेर आली ती नुसती एक बारीक गुणगुण. ती ऐकायची तर सगळ्यांना गप्प व्हावं लागलं, आणि सगळे गप्प झाले. भोंग्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. त्या सुरावर तो आयुष्यभर गायला होता.

"थांबू दे आवाज," हातमोजेवाला अदबीने कुजबुजला. "थांबला की लावतो."

आवाज बारीक होत गेला. दीर तिच्याकडे बघत होता. सगळेच बघत होते. अगदी शेवटचा धागा उरला, तेव्हा तिने लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

"परत," ती म्हणाली. "परत वाजव."

लेकीने तार ओढली. झाकण धरलेला हात होता तिथेच राहिला. ठोक्याकडे बघायचा तिला धीर झाला नाही. खाली मान घालून ती उभी राहिली, आणि मग त्या गुणगुणीखाली, चाकाच्या खुर्चीच्या दांडीवर, बोटांचे ठोके सुरू झालेले तिला ऐकू आले.