चढलेली रेस

मेव्हण्याची जुनी मोटारसायकल गॅरेजात स्टँडवर उभी राहून बोंबलत होती. एकदा चढलेली रेस उतरायचं नावच घेत नव्हती.

"जावईबापू, गाडी सांभाळता येत नाही, माझी बहीण काय सांभाळणार?" मेकॅनिक म्हणाला. बहिणीच्या या पुळचट नवऱ्याला त्याने लग्नापासून कधी माणसात धरलं नव्हतं.

"दादा, लवकर बघा ना. ही अशी ओरडते तेव्हा मला धाप लागते." मेव्हणा बसल्या जागी खरंच धापा टाकत होता.

"नाटकं पुरे."

मेकॅनिकने हँडल दोन्ही बाजूंना वळवलं. रेस हलली नाही, म्हणजे केबल आखडलेली नव्हती. कार्ब्युरेटरच्या रबरी सांध्यावर साबणाचं पाणी शिंपडलं. काहीच बदललं नाही, म्हणजे तिथून हवाही शिरत नव्हती. मग रेस कमी करायचा स्क्रू पार सैल केला, तर गाडी आणखीच किंचाळली.

"दादा, बंद कर ती! यांचे ओठ बघ कसे निळे पडलेत," दारातून बहीण ओरडली.

"त्याला जिना चढतानाही धाप लागते," तो तुच्छतेने म्हणाला आणि फिल्टर काढून कार्ब्युरेटरचं हवा ओढणारं तोंड तळहाताने दाबून धरलं. असं केलं की कुठलंही इंजिन गुदमरून बंद पडतं.

इंजिन चालूच राहिलं. मागच्या धापा मात्र थांबल्या.

त्याने वळून पाहिलं. मेव्हणा तोंड वासून हवा शोधत होता, आणि त्याचे डोळे मेकॅनिकच्या हातावर खिळले होते.

मेकॅनिकने घाईने हात ओढला, पण तो निघेना. तळहाताला दोन ओठ घट्ट चिकटले होते, आणि ते गार पडत चालले होते.