वाहती पाटी

नळ बंद करून तिने त्याची चावी काढली, ती शाळेच्या युनिफॉर्मच्या खिशात टाकली आणि वरून हात घट्ट दाबून धरला. गाड्या धुण्याच्या त्यांच्या केंद्रापुढचा पाइप गुळणी केल्यासारखा खुळखुळला नि गप्प झाला.

"चावी दे," बाबा म्हणाले.

"नाही."

गाडी असो नसो, तो पाइप सकाळपासून रस्त्यावर धो धो वाहायचा. "वाहतं पाणी हीच आपली पाटी. ते दिसलं की गाडी थांबते," हे बाबांचं धंद्याचं शास्त्र. पाण्याचा टँकर महाग होत गेला, तरी पाटी आपली वाहतेच आहे! आणि काल जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, "पुढच्या महिन्यात केंद्र बंद. मी परत जुन्या साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर."

बाबांनी पक्कड आणली. ती नळाला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला हो. गिऱ्हाईक पळेल."

"पळू दे. पाणी रोज पळतंय, त्याचं काय?"

तेवढ्यात चिखलाने माखलेली एक जीप आली. "बंद दिसतंय," म्हणत जीपवाल्याने गिअर टाकला. ती आधीच भरून ठेवलेल्या दोन बादल्या उचलून थेट जीपपुढे!

"बादलीत धुणार? मग मी घरीच धुतो की."

"आणि काका, ही घरी धुतलेलीच आहे वाटतं?"

जीपवाला खो खो हसत उतरला. "एक डाग दिसला तर पैसे नाही हं!"

"चालेल."

"अगं ए!" बाबा ओरडले.

तिने चिखल भिजवून सैल केला, फेसाचं फडकं फिरवलं. टपापर्यंत हात पोचेना. टाचा उंचावल्या, उड्या मारल्या, तरी पोचेना. मागे मात्र वळून बघितलं नाही. नळ आता मोकळा होता आणि पक्कड बाबांच्या हातात होती.

टपावर सपकन दुसरं फडकं पडलं. पलीकडून बाबा घासू लागले, दात-ओठ खात.

रस्त्यावर एक मोटार रेंगाळली. "काय हो, नळ बंद? गुंडाळलं की काय दुकान?"

बाबांनी मान वर केली नाही. फडकं करकचून पिळत ते म्हणाले,

"नळ बंद आहे. आम्ही चालू आहोत."