विंगेतला पंडित

सगुण वाक्य विसरला आणि विंगेत बसलेल्या बाबुराव मास्तरांना मनापासून आनंद झाला.

वाक्य त्यांच्या मांडीवरच्या वहीत होतं. त्यांच्याच अक्षरात, त्यांनीच लिहिलेलं. प्रॉम्प्टरनं पहिले दोन शब्द कुजबुजायचे, की नटाची गाडी पुन्हा चालू लागते. मास्तरांनी ते दोन शब्द गिळले.

नाटक होतं नऊशे वर्षांपूर्वीच्या एका यहुदी पंडितावर. फ्रान्समधल्या त्याच्या गावानं त्याचा वारसा साऱ्या युरोपचा म्हणून जपायचं ठरवलं होतं. जगातल्या बारा भाषांत त्याच्यावर नाटकं करून घ्यायची, ती चित्रित करायची आणि संहिता लेखकाच्या नावासह तिथल्या संग्रहालयात ठेवायच्या. मराठीचा मान गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या पार्से गावाला मिळाला, कारण या कामाच्या प्रमुख बाईंनी कधीकाळी इथल्या जत्रेतलं नाटक पाहिलं होतं.

लिहायला मास्तरच. निवृत्त मुख्याध्यापक, शिवाय तीस वर्षं जत्रेच्या नाटकांत ऋषिमुनी केलेले. पंडित त्यांनी स्वतःसाठीच लिहिला. दोन महिने दाढी वाढवली. आणि वाचनाच्या दिवशी सिंधुदुर्गातून आलेला, खनिजाचा ट्रक चालवणारा, सातवी नापास सगुण सहज म्हणून चार ओळी वाचून गेला. मंडळाचे अध्यक्ष कृष्णनाथ खुर्चीतून उठलेच.

"पंडित होच," ते म्हणाले. "मास्तर, तुमी विंगेंत रावात. तुमचेभायर ह्या लोकांक कोण सांबाळटलो?"

पंडित सगुणाला गेला आणि मास्तरांकडे विंगेत बसून नटांना सांभाळायची वही आली. आयत्या बिळावर नागोबा! मास्तर हसले, "बरं" म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना. "आतां ती दाडी तरी काडात," असं त्यांच्या पत्नी विमलाबाईंनी दोनदा सांगून पाहिलं. मास्तरांनी ती हट्टानं ठेवली. त्यामुळे आज खरी दाढी विंगेत होती आणि लोकरीची दाढी रंगमंचावर, भर दुपारी, कॅमेऱ्यासमोर. सगुण नुसता खोकला तरी तो खोकला पंडिताचा वाटे. मास्तरांचं खरं पोट तिथं दुखत होतं.

अडला तो प्रसंगही नाटकाचा कळस. शिष्य, म्हणजे पन्नाशीचा किराणावाला धाकू, धर्मग्रंथातल्या एका ओळीवर बोट ठेवून विचारतो, "गुरुजी, याचा अर्थ काय?" यावर मास्तरांनी पंडिताला दीड पानाचं भाषण दिलं होतं. त्यात आकाश होतं, सागर होता, काळाचा अथांग प्रवाह होता. सगुणाला त्यातलं काही आठवेना.

त्यानं विंगेकडे पाहिलं. मास्तर वहीत डोळे घालून मूग गिळून बसले.

"गुरुजी, याचा अर्थ काय?" धाकूनं प्रसंगावधान राखून पुन्हा विचारलं.

सगुणानं पुन्हा पाहिलं. या वेळी मास्तरांनी नजर वर केली आणि ओठ घट्ट मिटले. एकदा, एकदाच या माणसाला साऱ्या गावासमोर पडलेलं त्यांना बघायचं होतं. मंडपात चणे खाणाऱ्यांची तोंडंही थांबली.

सगुणानं समोरची पोथी हळूच मिटली. शिष्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"माका म्हायत नाय," तो म्हणाला.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. पुढच्या रांगेत फ्रान्सहून आलेल्या त्या प्रमुख बाई बसल्या होत्या. शेजारी दुभाषी म्हणून म्हापशाच्या कॉलेजातली भाग्यलक्ष्मी होती. तिनं कानात अर्थ सांगताच बाई ताडकन उभ्या राहिल्या. कृष्णनाथांनी घाबरून पडदा पाडला. बाई पायऱ्या चढून थेट आत आल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"बाई म्हणतात," भाग्यलक्ष्मी सांगू लागली, "या पंडितानं धर्मग्रंथाचा शब्दन्‌शब्द उलगडून दाखवला. पण जिथं त्याला अर्थ लागला नाही, तिथून तो गुपचूप पुढे सरकला नाही. 'मला माहीत नाही' असं त्यानं चक्क लिहून ठेवलं. आम्ही जपतोय तो वारसा हाच. अकरा भाषांत नाटकं झाली, पण हे वाक्य कुणीच घातलं नाही. हे कुणी लिहिलं?"

फ्रान्सहून पंडिताची माहिती आली होती, त्यात ही गोष्ट मास्तरांनी वाचली होती. विद्वानाच्या तोंडी असलं शोभत नाही म्हणून त्यांनीच ती गाळली होती. आणि आता सगुण सगळं सांगणार होता. मास्तर गप्प कसे बसले, ओठ कसे मिटले, सगळं.

सगुणानं त्यांच्याकडे पाहिलं. त्याला सारं कळलं होतं, हे मास्तरांना त्या नजरेतच कळलं.

"ह्यां मास्तरांनीच लिवलेलां," सगुण म्हणाला. "नाटक त्येंचां, वाक्य पण त्येंचांच."

पडदा पुन्हा उघडला. बाईंनी मास्तरांना हाताला धरून पुढे आणलं. कृष्णनाथांनी शाल घातली. कॅमेरा त्यांच्याकडे वळला आणि मंडप टाळ्यांनी दणाणला. "नाही" म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं, पण टाळ्या थांबेपर्यंत ते मिटलं. मागे सगुण लोकरीची दाढी सावरत सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. तीस वर्षं हव्या असलेल्या त्या टाळ्यांपुढे नमस्काराला वाकताना मास्तरांना सगुणाचा जेवढा हेवा वाटला, तेवढा त्यानं त्यांची भूमिका घेतली तेव्हाही वाटला नव्हता.